बांधकामाच्या तपशिलाची जुनी पुस्तके

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपल्याकडे लहानथोर सगळ्यांच्या तोंडी आहे. या दोन्ही कामांत माणसाची परीक्षा होते, आणि ती काही नुसत्या पैशाच्या ओढाताणीमुळे होत नाही. काय ठरले होते आणि काय पदरात पडले, यांतल्या अंतरामुळे ती होते. लग्नात निदान याद्या करतात, चार वडीलधाऱ्यांसमोर त्या वाचतात, त्यांवर कुंकू लावतात. घर बांधताना मात्र आपण पुष्कळदा 'काम चांगले करा बरं का' एवढ्यावरच भागवतो. मग पहिल्या पावसात भिंतीला ओल आली की गवंडी म्हणतो, 'मी चांगलेच केले होते.' त्याचे 'चांगले' आणि आपले 'चांगले' ही दोन वेगळी असतात, हे तेव्हा कळते.

बांधकामाची अशी यादी कशी करावी, हे सांगणारी जुनी पुस्तके आहेत. ती आज घरबसल्या, हातातल्या मोबाइलवरसुद्धा वाचता येतात. ती कोणती, कुठे सापडतात आणि आपल्या काय कामाची, एवढे आज पाहायचे आहे.

प्रथम ही यादी म्हणजे काय ते पाहू. कोणत्याही इमारतीचे तीन कागद असतात. पहिला नकाशा. तो आकार सांगतो. दुसरे अंदाजपत्रक. ते माल किती लागेल आणि पैसा किती लागेल हे सांगते. पण भिंत दीड फूट जाडीची आहे हे नकाशात दिसले, तरी वीट किती भाजलेली, मसाल्यात वाळू किती, बांधलेल्या भिंतीवर पाणी किती दिवस मारायचे, यांतले काहीच रेघेने दाखवता येत नाही. ते शब्दांनीच सांगावे लागते. शब्दांचा हा तिसरा कागद म्हणजे 'स्पेसिफिकेशन'. सरकारी मराठीत त्याला 'विनिर्देश' म्हणतात. आपण आज साधा 'तपशील' हा शब्द वापरू. आकार नकाशा सांगतो, गुण तपशील सांगतो. आणि इमारत पडते ती बहुधा आकार चुकल्याने पडत नाही, गुण चुकल्याने पडते.

आता कुणी म्हणेल, हे इंजिनिअरांचे काम, आम्हा शेतकऱ्यांना आणि मास्तरांना त्याचे काय? तर असे बघा. 2001 साली सुरू झालेल्या सर्व शिक्षा अभियानात कितीतरी गावांत शाळेच्या खोल्या गावच्या समितीमार्फत बांधल्या गेल्या. मुख्याध्यापकांनी सिमेंटच्या पोत्यांचे हिशेब ठेवले. ग्रामपंचायतीच्या सभेत समाजमंदिराच्या, पाण्याच्या टाकीच्या, मोरीच्या कामांवर आपण हात वर करतो. सही आपली असते. ज्या कागदावर सही करायची तो वाचता येत नसेल, तर ती सही आणि अंगठा यांत फरक तो काय राहिला?

हा तिसरा कागद लिहिण्याची रीत फार जुनी आहे. ग्रीस देशात अथेन्स शहराचे पिरेयस नावाचे बंदर आहे. इसवी सनापूर्वी 347 च्या सुमारास तिथे लढाऊ गलबतांची शिडे आणि दोरखंड ठेवण्यासाठी एक मोठे कोठार बांधायचे ठरले. त्याचा संपूर्ण तपशील दगडावर कोरून लोकांसमोर उभा केला होता. लांबी चारशे फूट, रुंदी भिंतींसकट पंचावन्न फूट, भिंतींची उंची सत्तावीस फूट, खिडक्या केवढ्या, हे सगळे त्यात आहे. कोठारात वारा खेळावा म्हणून दगडांच्या सांध्यांत फटी कशा सोडायच्या, हेसुद्धा सांगितले आहे. ओल्या दोरखंडाला बुरशी लागते हे त्या लिहिणाऱ्याला ठाऊक होते. शेवटी बजावले आहे, की ठेकेदारांनी तपशिलाप्रमाणे, मापांप्रमाणे आणि शिल्पकार दाखवील त्या नमुन्याप्रमाणे काम करून ते मुदतीत हवाली करावे.

पुढे इसवी सनापूर्वी 86 मध्ये रोमन सेनापती सुल्ला याने ते कोठार जाळले. इमारत गेली. पण ती शिळा 1882 साली सापडली, आणि नुसत्या शब्दांवरून विद्वानांनी त्या इमारतीची चित्रे काढली. सुमारे शंभर वर्षे कोठार फक्त कागदावर उभे होते. मग 1988 च्या सुमारास पिरेयसमध्ये खोदताना त्याचे खरे अवशेष हाती आले, आणि ते शिळेवरल्या वर्णनाशी जुळले. दगडाच्या भिंती ढासळल्या, पण नेमक्या शब्दांत लिहिलेली माहिती टिकली.

दुसरा दाखला इटलीतल्या पुत्योली गावचा. इसवी सनापूर्वी 105 मध्ये तिथल्या सेरापिस देवाच्या देवळासमोर एक भिंत बांधून त्यात दार बसवायचे होते. काम लहानच, आपल्या गावातल्या कुंपणाच्या भिंतीएवढे. पण त्याचा लेख संगमरवरी फळीवर कोरला. दार सहा फूट रुंद आणि सात फूट उंच. मसाल्यात भिजवलेला चुना चौथा हिस्सा. भिंतीत घालायचे डबर वाळलेल्या स्थितीत पंधरा पौंडांहून जड नको. आणि पैसे? ठेकेदाराने जामीन म्हणून जमीन लिहून दिली की निम्मे. काम पुरे होऊन पसंत पडले की उरलेले निम्मे. पसंत कोणी करायचे? गावच्या कारभाऱ्यांच्या मंडळाने, आणि निर्णयाच्या वेळी किमान वीसजण हजर हवेत. ही फळी आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. एका भिंतीचा तपशील, पण माल, माप, जामीन, हप्ता आणि तपासणी, पाचही गोष्टी तिच्यात आल्या आहेत. आपल्या एखाद्या निविदेचा कागद तिच्याशेजारी ठेवून पाहावा.

चांगला तपशील कोणता, याची खूण या दोन दाखल्यांवरूनच कळते. त्यांत 'उत्तम', 'मजबूत', 'पहिल्या प्रतीचे' असल्या शब्दांवर भिस्त नाही. मोजता येईल किंवा तपासता येईल अशी गोष्ट आहे. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात होऊन गेला. वाळू कशी ओळखावी हे तो सांगतो. मूठभर वाळू हातात चोळा, ती करकरली पाहिजे. मग पांढऱ्या कापडावर टाकून झटका, कापडावर मातीचा डाग राहता कामा नये. ही परीक्षा घ्यायला ना प्रयोगशाळा लागते, ना पैसा. चौथीतला मुलगासुद्धा ती घेईल. 'वाळू स्वच्छ असावी' हे वाक्य भांडण लावते. 'पांढऱ्या कापडावर डाग राहू नये' हे वाक्य भांडण मिटवते.

आपल्या देशातही असे लिखाण होते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वज्रलेप नावाच्या लेपाची कृती दिली आहे. कच्ची टेंभुर्णीची फळे, कच्ची कवठे, सावरीची फुले, वेखंड वगैरे जिन्नस पाण्यात उकळून आठवा हिस्सा उरेपर्यंत काढा आटवायचा आणि मग त्यात राळ, गुग्गुळ, बिब्बा, जवस, बेल अशी द्रव्ये घालायची. 'आठवा हिस्सा उरेपर्यंत' हा झाला खरा तपशील. हा लेप एक कोटी वर्षे टिकतो असेही तिथे म्हटले आहे. ती मात्र खात्री झाली, तपासता न येणारी! जुनी पुस्तके वाचताना ही दोन प्रकारची वाक्ये वेगळी करायला शिकले पाहिजे.

आणि मराठीत पाहायचे तर आज्ञापत्र आहेच. 1715 च्या सुमाराचा हा ग्रंथ रामचंद्रपंत अमात्यांचा म्हणून ओळखला जातो. गडकोटांच्या प्रकरणात ते सांगतात, की आधी पाणी पाहावे आणि मग किल्ला बांधावा. पाणी नसेल आणि जागा तर सोडता येत नसेल, तर खडक फोडून टाकी बांधावी. एका झऱ्यावर विसंबून राहू नये. कारण पुढे संकट काय येऊ शकेल, हेही ते सांगतात. इथे मापे नाहीत, पण कामाचा क्रम आहे आणि क्रमामागचे कारण आहे. आधी काय, नंतर काय, हे सांगणे हासुद्धा तपशिलाचाच भाग होय.

मग या विषयावर खास पुस्तके केव्हा निघाली? ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकात निघाली, आणि त्याला कारण घडले. पूर्वी इंग्लंडात घर बांधायचे तर मालक गवंड्याला वेगळे, सुताराला वेगळे, लोहाराला वेगळे काम देई आणि झालेले काम मोजून पैसे चुकवी. एकोणिसाव्या शतकात सगळे काम एकाच ठेकेदाराला एकाच ठरीव रकमेत देण्याची पद्धत वाढली. ज्याची निविदा कमी त्याला काम. आता रक्कम आधीच ठरली म्हणजे ठेकेदाराचा फायदा कशात? माल हलका वापरण्यात. तेव्हा मालकाच्या हाती राखण म्हणून एकच गोष्ट उरली, ती म्हणजे नेमका लिहिलेला तपशील. स्वस्त निविदेची पद्धत आली आणि तिच्यामागोमाग तपशिलाची पुस्तके आली. आज आपल्या गावात तीच पद्धत आहे, म्हणून ती पुस्तके आजही जुनी वाटत नाहीत.

यातली दोन नावे लक्षात ठेवावीत. पहिले आल्फ्रेड बार्थोलोम्यू यांचे 'स्पेसिफिकेशन्स फॉर प्रॅक्टिकल आर्किटेक्चर'. हे लंडनला 1840 साली निघाले. त्याच्या आरंभी इंग्लंडातल्या नव्या इमारतींचा कस का उतरला, यावर लांबलचक निबंध आहे, आणि पुढे निरनिराळ्या इमारतींचे तपशील कसे लिहावे याचे नमुने आहेत. दुसरे टॉमस लेव्हर्टन डोनाल्डसन यांचे 'हँडबुक ऑफ स्पेसिफिकेशन्स'. हे 1860 च्या सुमारास आले. डोनाल्डसन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात वास्तुकलेचे प्राध्यापक होते. त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. मनाने नमुने रचण्याऐवजी खरोखर बांधल्या गेलेल्या इमारतींचे तपशील गोळा करून छापले, आणि जोडीला ठेक्याच्या कायद्याचे विवेचन दिले. आम्हा शिकवणाऱ्यांना यातून शिकण्यासारखे आहे. नियम पाठ करण्यापेक्षा चांगले नमुने वाचून लिहायला लवकर येते, मग ते पत्र असो, निबंध असो की भिंतीचा तपशील.

हिंदुस्थानातही याच काळात ही विद्या आली. रुडकीला 1847 साली इंजिनिअरिंगचे कॉलेज निघाले. पुण्यात 1854 साली सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालची माणसे मिळावीत म्हणून इंजिनिअरिंगचा वर्ग सुरू झाला. तोच पुढे पुण्याचे इंजिनिअरिंग कॉलेज झाला. रुडकीच्या कॉलेजसाठी मेडली यांनी 1860 नंतरच्या दशकात 'रुडकी ट्रीटाइज ऑन सिव्हिल इंजिनिअरिंग इन इंडिया' हा ग्रंथ तयार केला. इथला चुना, इथली वीट, इथली लाकडे, इथला पाऊस यांचा विचार त्यात आहे. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्याचे हँडबुक तर ओव्हरसियरांच्या कित्येक पिढ्यांनी वापरले. पुण्याचे आर. एस. देशपांडे यांनी 1930 नंतरच्या दशकात मध्यमवर्गीयांच्या स्वस्त आणि आरोग्यदायी घरांवर पुस्तके लिहिली. सामान्य माणसाला घरबांधणी समजावून सांगण्याची हौस त्यांत दिसते.

आता ही पुस्तके मिळवायची कुठे? पूर्वी यासाठी मुंबईला किंवा पुण्याला जाऊन मोठ्या ग्रंथालयात ओळख काढावी लागे. आज मोठमोठ्या ग्रंथालयांनी आपली जुनी पुस्तके पानन् पान छायाचित्रित करून इंटरनेटवर ठेवली आहेत. सर्वांत सोयीचे ठिकाण म्हणजे इंटरनेट आर्काइव्ह. ही संस्था 1996 साली अमेरिकेत निघाली. तिच्या संग्रहात इमारतींच्या जुन्या पुस्तकांचा एक खास कप्पा आहे, त्याला 'बिल्डिंग टेक्नॉलॉजी हेरिटेज लायब्ररी' म्हणतात. जुन्या इमारती जतन करणाऱ्यांच्या एका संघटनेने तो जमवला आहे. कारखान्यांची जुनी सूचिपत्रे, घरांचे नमुने, गवंड्या-सुतारांची हातपुस्तके असा खजिना त्यात आहे. 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या आपल्या योजनेत छायाचित्रित झालेली पुष्कळ मराठी आणि इंग्रजी पुस्तकेही इंटरनेट आर्काइव्हवर सापडतात. याशिवाय गूगल बुक्स आहे, हाती ट्रस्ट आहे, आणि खरगपूरच्या आय. आय. टी. ने उभारलेली राष्ट्रीय डिजिटल लायब्ररी आहे. हाती ट्रस्टची काही पुस्तके मात्र फक्त अमेरिकेतूनच उघडतात. तेव्हा एका ठिकाणी दार बंद दिसले तर दुसरीकडे जावे.

शोधण्याची काही युक्ती असते. एक, आजचा शब्द टाकून जुने पुस्तक सापडत नाही. मराठी पुस्तक हवे असेल तर 'विनिर्देश' शोधण्यात अर्थ नाही. 'इमारत', 'बांधणी', 'शिल्प', 'वास्तु', 'अंदाज' असे शब्द टाकावेत. इंग्रजीत 'स्पेसिफिकेशन' बरोबरच 'प्रॅक्टिकल बिल्डर', 'पॉकेट बुक', 'एस्टिमेटिंग', 'कॉन्ट्रॅक्ट्स' हे शब्द त्या काळच्या मुखपृष्ठांवर असत. दोन, मराठी पुस्तकांची नावे यादीत इंग्रजी अक्षरांत आणि वाटेल तशी लिहिलेली असतात. 'शिल्पशास्त्र' हे नाव चार तऱ्हांनी लिहून पाहावे लागते. पुण्याला 'पूना' आणि मुंबईला 'बाँबे' म्हणूनही शोधावे. तीन, साल ठरवून शोध आवळावा, म्हणजे नव्या पुस्तकांची गर्दी हटते. चार, एक चांगले पुस्तक हाती लागले की त्याची प्रस्तावना वाचावी. जुने लेखक आपल्या आधीच्या लेखकांची नावे प्रस्तावनेत घेतात. वेलीचा एक ताणा हाती आला की तो धरून बुंध्यापर्यंत जाता येते.

पुस्तक उघडल्यावर लगेच पाने चाळू नयेत. आधी मुखपृष्ठ पाहावे. आवृत्ती कितवी, साल कोणते, हे टिपून घ्यावे, कारण एकाच पुस्तकाच्या पहिल्या आणि सहाव्या आवृत्तीत जमीनअस्मानाचा फरक असू शकतो. घडीचे नकाशे छायाचित्र घेताना पुष्कळदा न उलगडताच राहिलेले असतात. तसे दिसले तर दुसऱ्या ग्रंथालयाची प्रत शोधावी. यंत्राने वाचून तयार केलेल्या मजकुरावरही विसंबू नये. जुन्या छपाईत यंत्र एकाचा सात करते आणि तिनाचा आठ. चुना एक हिस्सा की सात हिस्से, हा फरक भिंतीला परवडणारा नाही. आकडा नेहमी पानाच्या छायाचित्रावरूनच घ्यावा. राहिला हक्काचा प्रश्न. आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो. एकोणिसाव्या शतकातली ही पुस्तके त्या मुदतीपलीकडे गेली आहेत, ती निर्धास्त उतरवून घ्यावीत.

मात्र एक गोष्ट बजावून सांगतो. जुने पुस्तक लिहिण्याची रीत शिकण्यासाठी आहे, जसेच्या तसे उतरवून नवी इमारत बांधण्यासाठी नाही. त्या काळी रंगात शिसे घालीत आणि पुढे अनेक ठिकाणी ॲस्बेस्टॉस वापरीत. ही दोन्ही आरोग्याला घातक आहेत, हे आता सिद्ध झाले आहे. भूकंपाचा विचार त्या पुस्तकांत फारसा नाही. लोखंडी सळईच्या सिमेंट काँक्रीटचे शास्त्र तर बहुतेकांच्या नंतरचे. नव्या कामाला भारतीय मानके आहेत, राष्ट्रीय बांधकाम संहिता आहे. ती प्रथम 1970 साली निघाली आणि नंतर सुधारत आली. आपल्या राज्याच्या बांधकाम खात्याचे प्रमाण तपशील आहेत. नव्या कामाला तेच प्रमाण. मापेही जपून वाचावीत. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे सुमारे 2.83 घनमीटर. फूट, इंच आणि पौंड यांचे आजच्या मापांत रूपांतर केल्याशिवाय तुलना करू नये.

तरीपण एका कामाला ही जुनी पुस्तके केवळ वाचनीय नव्हेत, आवश्यक आहेत. ते काम म्हणजे जुन्या इमारतींची दुरुस्ती. आपल्या गावोगाव जुन्या शाळा आहेत, चावड्या आहेत, धर्मशाळा, घाट, देवळे, पूल आहेत. हिंदुस्थानात पोरबंदरचा सिमेंट कारखाना 1914 साली सुरू झाला. त्याआधी सिमेंट परदेशातून येई. म्हणजे त्याआधीच्या गावातल्या पक्क्या भिंती बहुतेक चुन्यातल्याच. चुन्याच्या भिंतीचा स्वभाव निराळा असतो. ती पावसाळ्यात थोडी ओल घेते आणि उन्हाळ्यात बाहेर टाकते. ती थोडी लवचीकही असते. आता अशी भिंत जुनी झाली, दर्जा निघाल्या, की आपण काय करतो? हौसेने सिमेंटने दर्जा भरतो आणि वर सिमेंटचा गिलावा चढवतो. बाहेरून काम टणक आणि चकचकीत दिसते. पण आतली ओल कोंडते. तिला वाट मिळत नाही, मग ती विटेतून आणि दगडातून वाट काढते. काही वर्षांनी सिमेंट जसेच्या तसे उभे आणि मागची वीट पीठ होऊन गळते आहे, असे दृश्य दिसते. शंभर वर्षे उभी राहिलेली भिंत आपल्याच दुरुस्तीने खचते.

अशा वेळी जुना तपशील उपयोगी पडतो. कळीचा चुना किती दिवस भिजवायचा, घाणीत किती दळायचा, विटांची सुरखी किती मिसळायची, वाळूचे प्रमाण काय, हे या पुस्तकांत कलमवार मिळते. आपल्या गावची शाळा ज्या काळात बांधली, त्या काळचे आणि त्या इलाख्याचे पुस्तक शोधावे, आणि दुरुस्ती करणाऱ्या इंजिनिअरसमोर ठेवावे. चुन्याचे काम जाणणारा म्हातारा गवंडी गावात असेल तर त्यालाही बोलवावे. पुस्तकातले कलम आणि त्याचा हात एकमेकांना ताडून पाहावेत. पुस्तक सांगते ते प्रमाण, हात सांगतो तो अंदाज. दोन्ही हवेत.

शिक्षक बंधुभगिनींसाठी एक सूचना करतो. वर्गात मुलांना निबंध सांगतो, 'माझे घर', 'पावसाळा'. एकदा मुलांना शाळेसमोरच्या झाडाभोवतीच्या पाराचा तपशील लिहायला सांगा. दहाच वाक्ये. 'छान', 'सुंदर', 'मजबूत' हे शब्द बंद. प्रत्येक वाक्यात माप, वजन, प्रमाण, मुदत किंवा परीक्षा, यांपैकी काहीतरी हवे. मग एकाचे लिखाण दुसऱ्याला द्या आणि त्यावरून चित्र काढायला सांगा. चित्र पारासारखे आले तर वाक्ये नेमकी. चित्रात चौकोनी पार गोल झाला, तर आकार लिहायचा राहिला होता, हे मुलाला तुम्ही न सांगता कळेल. भाषा, भूमिती आणि व्यवहार, तिन्ही विषय एका पारावर बसतील. वाळूची पांढऱ्या कापडावरची परीक्षा घ्या. वीट चोवीस तास पाण्यात ठेवून आधीचे आणि नंतरचे वजन करा. साधारण विटेने आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त पाणी पिऊ नये, असे आपले भारतीय मानकही सांगते. तराजू आणि बादली एवढ्यावर हा प्रयोग होतो.

आणि गावकऱ्यांना सांगणे असे, की सार्वजनिक कामाचा तपशील हा काही गुप्त कागद नाही. 2005 सालच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने त्याची प्रत मागता येते, चालू कामाची पाहणी करता येते, इतकेच नव्हे तर वापरलेल्या मालाचे प्रमाणित नमुनेही मागता येतात. कायद्याने हक्क दिला आहे. पण प्रत हाती आली आणि वाचता आली नाही, तर हक्क खुंटीला टांगल्यासारखाच राहील. वाचायची सवय लागावी म्हणून ही जुनी पुस्तके. ती वाचल्यावर आपल्या निविदेतले 'उत्तम प्रतीचे काम' हे शब्द डोळ्यांत खुपू लागतील, आणि ग्रामसभेत आपण विचारू, 'उत्तम म्हणजे किती? ते कोण मोजणार? आणि केव्हा?'

पुत्योलीच्या कारभाऱ्यांनी दोन हजार वर्षांपूर्वी एका भिंतीसाठी एवढी काळजी घेतली, कारण पैसा गावाचा होता. आपल्या शाळेच्या खोलीचा पैसाही गावाचाच आहे, आणि तिच्या छपराखाली बसणारी मुले आपलीच आहेत. तेव्हा पुढच्या वेळी काम सुरू होण्याआधी एक संध्याकाळ काढा. चावडीत किंवा शाळेत दहा माणसे बसा. तो तिसरा कागद मागवून घ्या, आणि एकाने तो मोठ्याने वाचावा. जिथे वाक्य मोजता येत नाही तिथे पेन्सिलने खूण करावी. त्या खुणा घेऊन मग इंजिनिअरसाहेबांकडे जावे. चांगला इंजिनिअर त्यावर रागावणार नाही. त्याला आनंदच होईल.